यूसीत प्रवेश: फ्रेशमन आणि ट्रान्सफर, पालकांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या घरातलं एक मूल बारावीनंतर थेट यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याचं सरकारी विद्यापीठ) फ्रेशमन म्हणून, म्हणजे पहिल्या वर्षाला गेलं, दुसरं दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) काढून ट्रान्सफर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला गेलं. तेव्हापासून ऑगस्ट उजाडला की फोन सुरू होतात. गणपतीत आरती संपून हातात प्रसाद पडायच्या आत कुणी तरी "जरा दोन मिनिटं" म्हणत कोपऱ्यात घेतं. बे एरियातून येणारे प्रश्न आणि पुण्या-नागपूरहून नातेवाइकांनी पाठवलेले प्रश्न बरेचसे सारखेच असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. पदवीपूर्व प्रवेशापुरतंच बोललो आहे. एमएस, पीएचडीचं गणित वेगळं.

१. यूसी म्हणजे एक विद्यापीठ की अनेक? अर्ज किती करावे लागतात?

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे १० कॅम्पस आहेत. सॅन फ्रान्सिस्कोला पदवीपूर्व प्रवेश नाही, त्यामुळे उरले ९: बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड. अर्ज एकच भरायचा आणि हवे तेवढे कॅम्पस निवडायचे. फी मात्र प्रत्येक कॅम्पसची वेगळी: ८० डॉलर, आंतरराष्ट्रीय अर्जदाराला ९५. उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंतची फी माफ होऊ शकते. प्रत्येक कॅम्पस आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतो; बर्कलीने नाकारलं हे डेव्हिसला कळतही नाही. सॅन होजे स्टेटसारखी कॅल स्टेट विद्यापीठं यूसीत येत नाहीत, त्यांचा अर्ज निराळा.

२. आमचं मूल फ्रेशमन की ट्रान्सफर, हे कसं ठरतं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि सुरुवातच चुकली तर पुढचं सगळं चुकतं. वय, किती वर्षं वाया गेली किंवा किती युनिट (कॉलेजच्या विषयांचं श्रेय मोजायचं माप) जमली यावर हे ठरत नाही. हायस्कूल संपल्यावर कॉलेजच्या नियमित सत्रात नाव घातलं का, एवढंच पाहिलं जातं. घातलं असेल तर ट्रान्सफर, नसेल तर फ्रेशमन. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतले असतील, अगदी डझनभर असले तरी, मूल फ्रेशमनच राहतं. हायस्कूल संपल्यावर लगेच येणाऱ्या उन्हाळी सत्रात एखादा विषय केला तरी बिघडत नाही. पण त्याच सप्टेंबरात "घरी बसण्यापेक्षा" म्हणून एक जरी वर्ग लावला, तर फ्रेशमनचं दार बंद होतं. गॅप इयर घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. भारतात कॉलेज सुरू केलेल्यांसाठी प्रश्न ११.

३. "ए टू जी" म्हणजे काय?

हायस्कूलमध्ये पूर्ण करायच्या १५ वार्षिक विषयांची ही यादी. ए म्हणजे इतिहास-समाजशास्त्र २ वर्षं, बी इंग्रजी ४, सी गणित ३, डी विज्ञान २, ई इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, एफ चित्र, नाट्य, संगीत यांपैकी एका कलेचं १ आणि जी ऐच्छिक १. पंधराही विषयांत किमान सी ग्रेड हवी. यांतले ११ अकरावी संपेपर्यंत व्हायला हवेत.

हे किमान झालं. गणित चार वर्षं, विज्ञान तीन आणि भाषा तीन वर्षं घ्या असं यूसी स्वतःच सुचवते, आणि इंजिनिअरिंगवर डोळा असेल तर ती सूचना हुकूम समजावा. आपल्याकडची मुलं गणितात क्वचित अडकतात. अडकतात ती एफ गटात, कारण रोबोटिक्सच्या नादात चार वर्षांत एकदाही कलेचा तास लावलेला नसतो. शनिवारी घरी शिकलेलं भरतनाट्यम किंवा तबला इथे चालत नाही. शाळेचा तो विषय यूसीच्या मान्य यादीत असावा लागतो.

४. जीपीए ३ च्या वर आहे. म्हणजे प्रवेश पक्का ना?

नाही. जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान ३.० आणि बाहेरच्याला ३.४ लागतो, पण तेवढ्याने अर्ज फक्त विचारात घेतला जातो. त्यानंतर १३ निकषांवर सगळा अर्ज वाचला जातो. विषय किती कठीण निवडले, शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं किती घेतलं, घरची परिस्थिती कशी, हे सगळं त्यात येतं.

यूसीचा जीपीए शाळेच्या जीपीएपेक्षा वेगळा निघतो. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे फक्त ए टू जी विषय मोजतात. अधिक-उणे चिन्हं धरत नाहीत, म्हणजे ए मायनस हा पूर्ण ए. एपी, आयबी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या तोडीचे विषय), मान्य ऑनर्स आणि कॉलेजच्या विषयांना एक जादा गुण मिळतो, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना, आणि त्यांत दहावीची चारच धरतात. म्हणून चौदा एपी करणाऱ्या मुलाचा यूसी जीपीए आठ एपीवाल्यापेक्षा फारसा वर जात नाही. झोप उडवून घेण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

"आमची मुलगी वरच्या नऊ टक्क्यांत आहे, तिला तर हमी आहे," असंही ऐकू येतं. हमी खरी आहे, पण ती फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना, आणि जिथे जागा उरली असेल त्या कॅम्पसची. मागितलेल्या कॅम्पसची हमी कुणालाच नसते.

५. एसएटी (अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची परीक्षा) द्यायची की नाही?

यूसीसाठी नको. मे २०२० मध्ये रीजंट्सनी (यूसीच्या नियामक मंडळाने) ती अट काढली आणि आता प्रवेश किंवा स्कॉलरशिप ठरवताना गुण पाहतही नाहीत. दुसऱ्या राज्यांतली किंवा खासगी विद्यापीठं यादीत असतील तर त्यांच्यासाठी द्या.

६. नववीत ग्रेड पडल्या. एका विषयात तर डी ग्रेड आहे. सगळं संपलं का?

नववीच्या ग्रेड जीपीएत धरत नाहीत, मात्र अर्जात दिसतात आणि ए टू जीसाठी तिथेही सी लागतेच. डी किंवा एफ असेल तर तो विषय पुन्हा करता येतो. नवी ग्रेड सी किंवा वर आली की जुनी हिशेबातून जाते. सी असलेला विषय बी व्हावा म्हणून पुन्हा केला तर मात्र उपयोग शून्य.

गणितात आणि भाषेत आणखी एक सोय आहे. वरच्या पातळीचा विषय चांगला झाला की खालच्या पातळीची उणीव भरून निघते. याला अपवाद भूमितीचा. भूमिती मुळात घेतलीच नसेल तर पुढचं कॅल्क्युलसही तिची जागा भरत नाही. उन्हाळ्यात एक वर्ष उडी मारून पुढे गेलेल्या हुशार मुलांच्या बाबतीत ही चूक बारावीच्या ऑक्टोबरात उघडी पडते. त्या वेळी धावपळ करून घेणं सोपं नसतं.

७. दुसरी भाषा म्हणून मराठी चालते का?

चालू शकते, पण "घरी बोलतो" एवढ्यावर नाही. सहावी किंवा त्यापुढची निदान दोन वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत झाली असतील, तर ती अट भरून निघू शकते. त्यासाठी जुन्या शाळेचे कागद हायस्कूलच्या काउन्सेलरकडे देऊन तिथून प्रमाणित करून घ्यावं लागतं. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचे तास तुमच्या हायस्कूलने क्रेडिट म्हणून ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) घेतले, तरच ते जमेत धरण्याचा प्रश्न येतो. नववी सुरू होतानाच विचारून ठेवा. मराठीची एपी परीक्षा नाही, त्यामुळे तो रस्ता बंद आहे. इथेच जन्मलेली बहुतेक मुलं शेवटी स्पॅनिश घेतात, आणि आजी-आजोबांशी मराठी बोलत राहतात ते वेगळंच.

८. निबंध किती आणि त्यात काय लिहावं?

फ्रेशमनला आठ प्रश्नांपैकी चार, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. ट्रान्सफरला विषयाच्या तयारीबद्दलचा एक सक्तीचा आणि उरलेल्या सातांपैकी तीन. यूसी यांना निबंध म्हणत नाही, वैयक्तिक माहितीचे प्रश्न म्हणते, आणि तो फरक खरा आहे. मुलाखतीत विचारलं तर जसं सांगाल तसं लिहायचं. "सूर्य क्षितिजावर मावळत होता" अशी सुरुवात असलेले मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतला पहिला परिच्छेद मी निमूटपणे खोडतो. आई-बाबा अमेरिकेत दोन बॅगा घेऊन आले ही गोष्ट आई-बाबांची आहे. वाचणाऱ्याला मुलाबद्दल जाणून घ्यायचं असतं.

९. शिफारसपत्रं, ओळखी, आरक्षण, यांतलं काय चालतं?

शिफारसपत्र पाठवायचं नसतं. बर्कली काही निवडक अर्जदारांकडे स्वतःहून मागते. न मागता पाठवलेलं कुणी वाचत नाही. आई किंवा बाबा तिथलेच पदवीधर असण्याचा फायदा यूसीत नाही. भारतातल्या अर्थाने आरक्षणही नाही. १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ मुळे सरकारी विद्यापीठांना वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देता येत नाही. "आशियाई असल्यामुळे नाकारलं" हे वाक्य यूसीच्या बाबतीत वापरण्याआधी एवढं लक्षात ठेवावं. अर्ली डिसिजनही (प्रवेश मिळाला तर इथेच येईन असं आधीच बांधून घेणारा लवकरचा अर्ज) इथे नसतो.

१०. भाचा महाराष्ट्र बोर्डातून बारावी करतोय. त्याने टक्के जीपीएत बदलून भरायचे का?

मुळीच नाही. नववीपासूनचे गुण मार्कशीटवर जसे छापले आहेत तसेच भरायचे. बदलण्याचं काम यूसीचं आहे. अर्ज बारावीच्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतो, तेव्हा बारावीचे विषय "चालू" म्हणून दाखवायचे आणि निकाल लागल्यावर पाठवायचे. अर्जासोबत मार्कशीट जोडायची नसते; प्रवेश मिळाला की पडताळणी होते आणि तेव्हा एकेक आकडा जुळावा लागतो.

इंग्रजीचा मुद्दा मात्र फसवा आहे. हायस्कूलच्या काळात इंग्रजी माध्यमात तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षण झालं असेल तर इंग्रजीची परीक्षा लागते. आयईएलटीएस दिली तर किमान ६.५ लागतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि नंतर अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, म्हणजे हिशेबात दोनच वर्षं. तेव्हा परीक्षा द्यावी लागणार. "आमचं सायन्स इंग्लिशमध्येच झालंय" म्हणून निर्धास्त राहू नका.

११. पुतणी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला पहिल्या वर्षापासून यूसीत घेता येईल का?

फ्रेशमन म्हणून नाही, कारण प्रश्न २ च्या नियमाने ती ट्रान्सफर झाली. "पुण्याचं वर्ष दाखवूच नये" हा सल्ला तिला कुणी तरी देईलच, आणि तो धोक्याचा आहे. शिकलेलं प्रत्येक कॉलेज अर्जात दाखवावं लागतं. लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. ट्रान्सफर म्हणून अर्ज करायचा तर प्रश्न १३ मधल्या अटी लागू होतात आणि पुण्याच्या कोणत्या विषयाला किती श्रेय द्यायचं, हे यूसी अर्जानंतर ठरवते. शिवाय थेट परदेशी कॉलेजातून येणाऱ्यांचा क्रम खाली असतो. प्रामाणिक मत विचाराल तर तिने पुण्याची पदवी पूर्ण करून एमएसला यावं.

१२. कम्युनिटी कॉलेजात घालायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?

हा प्रश्न नेहमी शेवटी आणि हळू आवाजात येतो. लोक म्हणतील ते म्हणतील. दोन वर्षांनी मूल बर्कलीत गेलं की तेच लोक तुमच्याकडे चौकशी करायला येतात; आमच्याकडे आले.

हा आडरस्ता नव्हे. कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच तो आखलेला आहे, आणि आजही दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर घ्यावा असं यूसीचं उद्दिष्ट आहे. ट्रान्सफरमध्ये पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचा, आणि घेतलेल्यांत बहुसंख्य तिथलेच असतात. पदवीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येत नाही. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि पार्किंग धरूनही यूसीच्या दोन वर्षांशी तुलना करायची गरज पडत नाही.

तोटेही आहेत. वसतिगृहातली पहिली दोन वर्षं हुकतात. काउन्सेलरची भेट मिळायला वाट पाहावी लागते. आणि शिस्त स्वतःची लागते, कारण ग्रेड पडल्या की घरी पत्र पाठवायला कुणी नसतं. माझा धाकटा पहिल्या सत्रात या शेवटच्या गोष्टीत सपशेल आपटला होता, दुसऱ्या सत्रात सावरला.

१३. ट्रान्सफरसाठी नेमक्या अटी काय?

यूसीला ट्रान्सफर विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला हवा असतो. त्यासाठी ६० सेमिस्टर (सहामाही सत्र) किंवा ९० क्वार्टर (तिमाही सत्र) युनिट लागतात, तीही यूसीला मान्य असलेल्या विषयांची. जीपीए किमान २.४, बाहेरच्या राज्यातल्याला किंवा परदेशीला २.८. शिवाय सात विषयांचा साचा: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि कला-मानव्य, समाजशास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार, सगळ्यांत सी किंवा वर. फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रात) जायचं तर हे त्याआधीच्या स्प्रिंगअखेर (मे-जूनपर्यंत) संपलं पाहिजे.

हायस्कूलचे ए टू जी कच्चे राहिले असले तरी या रस्त्याने अडत नाही. इथेही २.४ म्हणजे फक्त आत डोकावण्याची परवानगी. कम्प्युटर सायन्सला २.४ घेऊन अर्ज करणं म्हणजे फी वाया घालवणं.

१४. विषय कोणते घ्यायचे हे कुठे कळतं? मैत्रिणीच्या मुलाचे दोन विषय धरलेच नाहीत म्हणे.

असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर. तुमचं कॉलेज, हवा असलेला कॅम्पस आणि हवी असलेली शाखा निवडली की कुठला विषय कशाच्या बदली चालतो त्याचा तक्ता येतो. तो पहिल्या सत्राआधी काढा, पाचव्या आठवड्यात नको. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्सची मालिका क्रमानेच घ्यावी लागते. पहिलं सत्र चुकलं तर वर्ष पुढे जातं. मालिका अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसरीकडे केली तरी घोळ होतो. बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजांपैकी डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरवर चालतात, ओलोनी सेमिस्टरवर, त्यामुळे तुकडे जुळतीलच असं नाही. खासगी किंवा बाहेरच्या राज्यातली कॉलेजं असिस्टवर सापडत नाहीत.

"जास्त युनिट झाली तर नाकारतात" अशी भीतीही ऐकू येते. कम्युनिटी कॉलेजची ७० सेमिस्टर युनिटच मोजली जातात. त्यापुढच्या विषयांची अट पूर्ण झाली असं धरतात, नुसती युनिट वाढवत नाहीत. केवळ कम्युनिटी कॉलेजातून आलेल्याला त्यामुळे अडचण येत नाही. चार वर्षांच्या विद्यापीठात बरीच युनिट झालेल्यांना मात्र येऊ शकते (प्रश्न १६).

१५. टॅग म्हणजे लेखी हमी असते का?

हो, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना ट्रान्सफरची लेखी हमी (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी). सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी करता येतो, मुदत १ ते ३० सप्टेंबर. त्यानंतर मुख्य अर्जही भरावाच लागतो. तो विसरला की हमी गेली. काही शाखा टॅगमधून वगळलेल्या असतात, उदाहरणार्थ अर्व्हाइनचं कम्प्युटर सायन्स आणि सँटा बार्बराचं इंजिनिअरिंग. म्हणजे आपल्या मुलांना जे हवं असतं नेमकं तेच. तरी टॅग करून ठेवावा. बर्कलीचा अर्ज त्याने कमजोर होत नाही.

१६. मुलगी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात गेली, आता परत यायचं म्हणतेय. एक वर्षानंतर येता येईल?

एका वर्षानंतर सहसा नाही, कारण ६० युनिट होत नाहीत. दोन वर्षांनंतर अर्ज करता येतो, पण कम्युनिटी कॉलेजची मुलं रांगेत पुढे असतात. तीन वर्षं झाली असतील तर युनिटच जास्त होतात आणि कित्येक विभाग घेत नाहीत. एक यूसी सोडून दुसऱ्या यूसीत जायचं तरी अर्ज ट्रान्सफरचाच. घरी परतून कम्युनिटी कॉलेजात नाव घालणं काहींना सोयीचं पडतं. आधीची सगळी ट्रान्सक्रिप्टं मात्र सोबत येतात.

१७. आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, मुलगा एच-४ वर (त्यावर अवलंबून कुटुंबीयांच्या व्हिसावर). फी रहिवाशाची की बाहेरच्याची?

एच-४ वरचा विद्यार्थी फीपुरता कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरू शकतो. पालक सत्राआधी ३६६ दिवसांहून अधिक काळ राज्यात राहत असावेत आणि इथेच राहण्याचा इरादा लायसन्स, राज्याचा कर अशा कागदांतून दिसावा. टेक्ससहून मार्चमध्ये आलात आणि सप्टेंबरात मुलगा यूसीत, तर पहिलं वर्ष बाहेरच्याच फीचं. ती जादा फी २०२५-२६ मध्ये ३७,६०२ डॉलर आहे, मूळ फीच्या वर. एफ-१ वरच्या (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला रहिवासी होता येत नाही, मग तो इथे कितीही वर्षं राहो.

ग्रीन कार्डची रांग लांब आणि मूल एकविसाव्या वर्षी एच-४ मधून बाहेर पडणार, ही गाठ अनेक घरांत आहे. वय उलटून एफ-१ घ्यावा लागला तर फीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. त्या वाढदिवसाच्या वर्षभर आधी कॅम्पसच्या रेसिडेन्स डेप्युटीशी (रहिवासी कोण ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याशी) लेखी बोला आणि वकिलाशीही. फेडरल आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही.

१८. तारखा एकदा नीट सांगा ना.

अर्ज १ ऑगस्टला उघडतो, पाठवता येतो १ ऑक्टोबरपासून, शेवट ३० नोव्हेंबर. तो दिवस शनिवार-रविवारी आला तर सोमवारपर्यंत. ट्रान्सफरवाल्यांनी जानेवारीत फॉल सत्राच्या ग्रेड अर्जात भरायच्या असतात. हे हमखास विसरलं जातं. फ्रेशमनचे निकाल मार्चअखेरपर्यंत, होकार १ मेपर्यंत. ट्रान्सफरचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत, होकार १ जूनपर्यंत. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत. शेवटच्या रात्री दिवाळीची उरलेली चकली खात अर्ज पाठवणारी मुलं दरवर्षी असतात, आणि दरवर्षी साइट हळू चालते.

१९. प्रवेश मिळाला! आता बारावीचं कॅल्क्युलस सोडलं तर चालेल?

विचारल्याशिवाय सोडू नका. प्रवेश अर्जात दाखवलेल्या विषयांवर दिलेला असतो. विषय बदलला किंवा डी, एफ आली तर कॅम्पसला लगेच स्वतःहून कळवायचं. कळवलं तर बहुधा मार्ग निघतो. जुलैत ट्रान्सक्रिप्टमधून त्यांनाच कळलं तर ऑफर काढून घेतली जाऊ शकते. ट्रान्सफरवाल्यांनाही हेच लागू.

२०. सगळीकडून नकार आला. अपील करावं का?

अर्जात नसलेली, खरोखर नवी आणि ठोस माहिती असेल तरच. "त्याच्यापेक्षा हिचे गुण जास्त आहेत" याला अपील म्हणत नाहीत. वेटलिस्ट मिळाली असेल तर होकार कळवा, पण १ मेच्या आत दुसरीकडे जागा पक्की करून ठेवा. आणि कम्युनिटी कॉलेजची नोंदणी उन्हाळ्यातही चालू असते. त्यासाठी वर प्रश्न १२ ते १५ पाहा, आणि असिस्टचा तक्ता मुलालाच काढू द्या.